चौथा क्वार्टर: एका कॉलेजच्या मुलींच्या बास्केटबॉल संघाचे मोसमाबाहेरचे महिने

दक्षिण महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावातल्या कॉलेजचं हे प्रकरण आहे. कॉलेजचं नाव, गाव आणि मुलींची ओळख मुद्दाम दिलेली नाही. खेळाडूंचा उल्लेख जर्सीच्या नंबरने केला आहे. मी या संघाचा प्रशिक्षक. इथे घेतलेले बरेच निर्णय माझे आहेत, त्यातला सर्वांत चुकीचा निर्णयही माझाच.

पार्श्वभूमी

आमच्याकडे मैदान एकच आहे, उघडं, सिमेंटचं. २८ बाय १५ मीटरचं माप बरोबर आहे, रिंग ३.०५ मीटरवर आहे, आणि जाळी दर वर्षी नवी बांधावी लागते. मुली निम्म्या गावातल्या, निम्म्या आजूबाजूच्या खेड्यांतून एसटीने येणाऱ्या. विद्यापीठाच्या झोनल स्पर्धा, म्हणजे एका विभागातल्या कॉलेजांच्या, सप्टेंबरमध्ये; तिथून वर गेलो तर विभागा-विभागांमधली इंटरझोनल ऑक्टोबरमध्ये. त्यानंतर एक-दोन खुल्या स्पर्धा होतात आणि फेब्रुवारी सरली की बॉल कपाटात जातात. एप्रिल-मे परीक्षांचे. जूनमध्ये पाऊस येतो आणि तेव्हापासून मैदानावर शेवाळ धरतं. म्हणजे इतर संघ पूर्वतयारी करतात ते नेमके महिने आमच्याकडे पाण्याखाली जातात.

गेल्या मोसमात इंटरझोनलच्या उपांत्य सामन्यापर्यंत पोचलो होतो. तिसरा क्वार्टर संपला तेव्हा ४१-३२ असे पुढे होतो. शेवटच्या दहा मिनिटांत, म्हणजे चौथ्या क्वार्टरमध्ये, आम्ही ४ गुण केले, त्यांनी १९. सामना ४५-५१ असा गेला. स्कोअरशीट मी घरी आणून कितीतरी वेळा पाहिली. त्यांच्या १९ पैकी ९ गुण फ्री थ्रोचे, म्हणजे आमच्या फाउलमुळे मिळालेल्या मोकळ्या शॉटचे होते. क्वार्टरमधल्या पाचव्या सांघिक फाउलपासून समोरच्या संघाला दोन-दोन फ्री थ्रो मिळतात, आणि आमचे चार फाउल पहिल्या चार मिनिटांतच संपले होते. पाय थकले की खेळाडू अंगाने आडवा जात नाही, हात पुढे करतो. तो हात म्हणजे फाउल.

मग फेब्रुवारीत, एका खुल्या स्पर्धेत, आमची कर्णधार ७ नंबर रिबाउंड, म्हणजे रिंगवर आदळून परत आलेला बॉल, घेऊन खाली आली आणि गुडघा आत वळला. आसपास कुणीही नव्हतं, धक्काही लागला नव्हता. एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आतलं मुख्य लिगामेंट, तुटलं होतं. मार्चच्या मध्यावर शस्त्रक्रिया झाली.

अडचण काय आहे असं मला वाटलं, आणि काय होती

तीन खेळाडू शिक्षण संपवून गेल्या. उरलेल्या नऊ, त्यात कर्णधार जायबंदी. आमच्याच ज्युनिअर कॉलेजातून बारावी होऊन येणाऱ्या तिघी धरल्या तर बारा. मला दिसलेली अडचण सरळ होती: मुलींना दम नाही. त्यावरचा उपायही सरळ: पळवा.

परीक्षा संपल्यावर १५ मेपासून पहाटे साडेपाचला मैदान. पाच किलोमीटर पळणं, आठवड्यातून दोनदा गावामागच्या टेकडीवर चढाच्या धावा. पहिल्याच आठवड्यात दोघींना चक्कर आली. ९ नंबर तिसऱ्या दिवसापासून पोट दुखतंय म्हणायला लागली. १२ नंबर चढाच्या अर्ध्यावर उभी राहायची, ओठ पांढरे, छाती भात्यासारखी. माझ्या वहीत त्या आठवड्याची नोंद आहे: "९, १२ – टाळाटाळ." तो शब्द मी पुसलेला नाही.

दुसऱ्या आठवड्यात ११ नंबर टेकडीवर कोसळली. तिला ग्रामीण रुग्णालयात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी खालची पापणी ओढून पाहिली, नखं पाहिली आणि रक्त घ्यायला सांगितलं. हिमोग्लोबिन ८.६ आलं. त्यांनी मला विचारलं, "बाकीच्यांचं तपासलंय का?"

तपासलेलं नव्हतं. दोन दिवसांत बाराही जणींचं तपासून घेतलं. गरोदर नसलेल्या स्त्रीच्या दर १०० मिलिलिटर रक्तात हिमोग्लोबिन १२ ग्रॅमच्या खाली असेल तर तो रक्तक्षय. आमच्या बारापैकी आठ जणी त्या रेघेखाली होत्या, तिघी तर १० च्याही खाली. स्नायूंना प्राणवायू पोचवणाराच घटक कमी, आणि मी त्यांच्याकडून दर आठवड्याला जास्त पळणं मागत होतो.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता. देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींचा आकडा ५९.१ टक्के. म्हणजे आमच्या संघात काही वेगळं घडलेलं नव्हतं. खेळणारी मुलगी म्हणजे तब्येतीची मुलगी, असं मी धरून चाललो होतो, एवढंच. शाळेत या मुलींना आठवड्याला लोहाची निळी गोळी मिळायची, दहावीनंतर सुटली ती सुटली.

समोर असलेले पर्याय

मेअखेर प्राचार्यांच्या खोलीत बसलो तेव्हा चार गोष्टी चर्चेत होत्या.

शेजारच्या जिल्ह्यातल्या, राज्य पातळीवर खेळलेल्या दोन मुलींना आणायचं, हा पर्याय सर्वांत झटपट होता. मध्ये एक ओळखीचे गृहस्थ होते. फीमाफी, हॉस्टेल आणि पहिल्या पाचात जागा, असं त्यांचं मागणं होतं. प्राचार्यांना ते पटण्यासारखं वाटत होतं आणि त्यांचं चूक होतं असं मी म्हणणार नाही, कारण कॉलेजच्या अहवालात शेवटी निकालच छापला जातो. मी रात्रभर विचार केला. फी आणि हॉस्टेल कॉलेजच्या नियमात बसत असेल तर द्यावं, पण पहिल्या पाचातली जागा सराव न बघता आधी कबूल करायची नाही, असं मी सांगितलं. दोघी आल्या नाहीत. एक आमच्याच झोनमधल्या दुसऱ्या कॉलेजात गेली, सप्टेंबरमध्ये ती समोर उभी असेल. या निर्णयाची किंमत खरी आहे आणि ती आम्ही मोजणार आहोत.

दुसरा पर्याय होता ठरलेलं पळणं चालू ठेवायचा, गोळ्या देत देत. तो डॉक्टरांनीच बंद केला. १० च्या खाली असलेल्या तिघींनी काही आठवडे जोराची धावपळ करायची नाही.

तिसरा, मोठा संघ या वर्षी न उतरवता फक्त ३ बाय ३ खेळायचं. अर्धं मैदान, तीन खेळाडू आणि एक राखीव, दहा मिनिटं किंवा २१ गुण, बारा सेकंदांत शॉट. टोकियो ऑलिंपिकपासून या प्रकाराला वजन आलंय, आणि आमच्यासारख्या तुटपुंज्या संघाला तो सोयीचाही आहे. पण मग उरलेल्या आठ मुलींनी काय करायचं? म्हणून सरावासाठी तो घेतला, मोसम त्यावर लावला नाही.

राहिला चौथा: सप्टेंबरपर्यंतचे तीन महिने आधी रक्त, मग ताकद, मग खेळ या क्रमाने घालवायचे, आणि सप्टेंबरमध्ये आपण अर्धवट तयार असू हे मान्य करायचं. आम्ही तो घेतला. प्राचार्यांनी एकच विचारलं, "सर, हे कागदावर दिसेल का?" मी म्हटलं, रक्ताच्या रिपोर्टवर दिसेल.

काय केलं

औषध डॉक्टरांच्या हातात राहिलं: जंताची गोळी, लोहाच्या गोळ्या, आणि तीन महिने मध्येच सोडायच्या नाहीत हे बजावणं. गोळीने मळमळतं, शौचाला काळं होतं, म्हणून मुली आठवड्यात सोडून देतात. हे आधी सांगून ठेवलं की भीती कमी होते.

मुली काय खातात हे विचारायला मात्र मी योग्य माणूस नव्हतो, आणि पाळीबद्दल विचारायला तर मुळीच नव्हतो. मराठी विभागातल्या एका मॅडमनी ते अंगावर घेतलं. एका शनिवारी त्या मुलींना घेऊन ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत बसल्या, दोन तास. मला फक्त जेवढं कळणं गरजेचं होतं तेवढं त्यांनी नंतर सांगितलं. एसटीने येणाऱ्या मुली सकाळी सहाला चहा-बिस्किटावर घर सोडतात आणि पहिलं धड जेवण दुपारी एकला. जेवल्या जेवल्या पुन्हा चहा, जो अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही. चौघींना पाळीत रक्तस्राव इतका होतो की दोन दिवस वर्गात बसवत नाही, पण "सगळ्यांचं असंच असतं" म्हणून कुणी कुठे बोललेली नाही. ९ नंबरचं पोट खरंच दुखत होतं.

खर्चाचं काही करता येण्यासारखं नव्हतं, म्हणून घरातल्याच गोष्टी धरल्या. सरावानंतर शेंगदाणे-गूळ किंवा फुटाणे. मटकीची उसळ आणि वर लिंबू, कारण आंबट सोबत असलं की लोह नीट शोषलं जातं. चहा जेवणानंतर तासाभराने. अंडी खाणाऱ्यांना अंडी. १० नंबरच्या आजीने हळिवाचे लाडू डबाभर पाठवले आणि मग दर पंधरवड्याला कुणाच्या ना कुणाच्या घरून डबा यायला लागला. श्रावणातल्या सोमवारांचा प्रश्न नाजूक होता. उपास सोडा असं मी म्हटलं नाही, म्हणायचा मला हक्कही नाही. त्या दिवशी सराव हलका ठेवला, फक्त बॉल हाताळणं आणि फ्री थ्रो, आणि मॅडमनी साबुदाण्याऐवजी राजगिरा आणि शेंगदाण्याची आमटी सुचवली.

जागेचं उत्तर अनपेक्षित ठिकाणी सापडलं. आषाढी एकादशीनंतर तुळशीच्या लग्नापर्यंत मुहूर्त नसतात, म्हणजे मंगल कार्यालय रिकामं. मालकांची मुलगी कधीकाळी कॉलेजात खो-खो खेळलेली. त्यांनी सकाळचे दोन तास फुकट दिले. फरशी गुळगुळीत, म्हणून पहिल्याच दिवशी नियम केला की इथे पळायचं नाही, एकदम थांबायचं नाही. एक गुडघा गेलेलाच होता. तिथे ताकदीचे व्यायाम, ड्रिबल, भिंतीवर ३.०५ मीटरवर लावलेल्या पट्टीवर शॉटची फेक. नवरा-नवरी ज्या पायऱ्यांनी स्टेजवर चढतात त्या पायऱ्यांवर आमच्या मुली एकेका पायाने चढ-उतार करत होत्या. पाऊस उघडला की दोघी वायपर घेऊन मैदान पुसायच्या आणि मिळेल तेवढा वेळ अर्ध्या मैदानात ३ बाय ३.

प्रत्येक सरावाची सुरुवात वीस मिनिटांच्या ठरलेल्या वॉर्मअपने. उडी मारून दोन्ही पायांवर हळू उतरणं, गुडघे आत न वळू देणं, एका पायावर तोल, मांडीच्या मागच्या स्नायूंचे व्यायाम. एसीएलची दुखापत मुलींमध्ये मुलांपेक्षा कितीतरी जास्त होते आणि बऱ्याचदा कुणाचा धक्का न लागताच, उतरताना किंवा दिशा बदलताना. असा वॉर्मअप नियमित केला तर तिचं प्रमाण घटतं हे चांगलं सिद्ध झालेलं आहे. हे मला पूर्वीपासून माहीत होतं. आम्ही करायचो ते मात्र मैदानाच्या दोन फेऱ्या आणि थोडं हात-पाय झटकणं.

खेळायच्या पद्धतीत एकच मोठा बदल केला. गेल्या वर्षी सहा मुलींवर संघ चालायचा. या वर्षी दहा जणी आलटून पालटून, एका वेळी साधारण पाच मिनिटं. चांगली खेळाडू तापलेली असताना तिला बाहेर बसवणं प्रशिक्षकाला जड जातं. मला अजून जातं.

कर्णधाराचा गुडघा

या प्रकरणातला सर्वांत अवघड निर्णय हाच होता.

जुलैच्या शेवटी ७ नंबर चांगली चालत होती, हळू पळतही होती. झोनलच्या वेळी शस्त्रक्रियेला सहा महिने होणार, इंटरझोनलच्या वेळी सात. ती तिसऱ्या वर्षाला. एका संध्याकाळी मैदानाच्या कठड्यावर येऊन बसली.

"सर, पट्टा बांधून खेळते. सगळी मॅच नको. शेवटची पाच मिनिटं द्या."

"कोणती पाच मिनिटं?"

"तीच की. चौथ्या क्वार्टरची."

मला नाही म्हणायला वेळ लागला, हे मी मान्य करतो. कारण तीच पाच मिनिटं मलाही हवी होती. तिच्या वडिलांचाही फोन आला. सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पोरगी विद्यापीठाच्या संघात गेली तर पुढे काही होईल, हे वर्ष वाया जाऊ नये, असं ते म्हणत होते. त्यात लोभ काही नव्हता. ऊसपट्ट्यातल्या दोन एकरवाल्या माणसाचा तो हिशोब होता आणि तो मला कळत होता.

दुसऱ्या बाजूला वैद्यकशास्त्र बरंच स्पष्ट आहे. नऊ महिन्यांच्या आत अशा खेळात परतलेल्या खेळाडूंना पुन्हा दुखापत होण्याचा धोका ठळकपणे जास्त असतो. आणि नऊ महिने झाले म्हणजे झालं असंही नाही. त्या पायाच्या मांडीची ताकद दुसऱ्या पायाच्या किमान ९० टक्के हवी, एका पायावरच्या उड्यांच्या चाचण्या जमायला हव्यात.

मी तिला, तिच्या वडिलांना आणि मॅडमना एकत्र बसवलं आणि एका कागदावर तीन अटी लिहिल्या: नऊ महिने पूर्ण, ताकदीची चाचणी, उड्यांची चाचणी. खाली सह्या शल्यचिकित्सक आणि फिजिओथेरपिस्ट यांच्या. माझी सही त्यात ठेवली नाही. हरत असताना बाकावर बसलेल्या प्रशिक्षकाच्या हातात हा निर्णय असूच नये. मग वडिलांना दुसरी गोष्ट सांगितली: आंतरविद्यापीठ स्पर्धेला २५ वर्षांपर्यंत वय चालतं, ती एम.ए.ला आली तर पुढचा पूर्ण मोसम तिच्यासमोर आहे. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "ठीक हाय. पर तिला बाजूला बसवू नका." मी ते शब्दशः घेतलं.

ती बाजूला बसली नाही. दोन महिने खुर्चीवर बसून एका हाताने शॉट मारले, मग उभी राहून फ्री थ्रो. सरावसामन्यांची स्कोअरशीट तिच्याकडे आहे, कुणाला किती मिनिटं झाली हे तीच ओरडून सांगते. दहा जणींची अदलाबदल आता खरं तर तीच चालवते.

ऑगस्टअखेरची स्थिती

दुसरी तपासणी ऑगस्टच्या मध्यावर, अकरा आठवड्यांनी झाली. आठपैकी सहा जणी १२ च्या वर आल्या. ११ नंबर ८.६ वरून ११.७ वर. ९ नंबर मात्र जेमतेम १०.२, तिला स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवलं आहे आणि तिथे उपचार सुरू झालेत. ४ नंबर, आमची सर्वांत उंच खेळाडू, जुलैत पोलीस भरतीच्या तयारीसाठी अकादमीत गेली. तिथे ८०० मीटर पळावं लागतं, आणि निघताना तिने रक्ताचा रिपोर्ट मागून घेतला. तिच्या जागी रिबाउंडला कोण, याचं उत्तर अजून माझ्याकडे नाही. नव्या प्रवेशांतून दोघी आल्या, त्यातली एक हँडबॉल खेळलेली आहे, हात मजबूत आहेत.

ऑगस्टअखेर जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका क्लबशी सरावसामना झाला. ८ गुणांनी हरलो. चौथा क्वार्टर १३-१४ होता आणि त्यात आमचे सांघिक फाउल तीनच होते. कितीतरी दिवसांनी मी स्कोअरशीट घरी न नेता तिथेच दिली.

हा फरक नेमका कशामुळे पडला हे मला सांगता येणार नाही. गोळ्या, खाणं, ताकदीचे व्यायाम, अदलाबदल, सगळं एकदमच सुरू केलं होतं.

पुन्हा करायचं झालं तर

रक्ततपासणी मेमध्ये कोसळल्यावर नाही, ऑक्टोबरमध्ये हरल्यावर लगेच करेन, आणि त्यानंतर वर्षातून दोनदा. सर्वांत जास्त बोचतं ते वेगळंच आहे. मार्चमध्ये शस्त्रक्रियेआधी ७ नंबरचं हिमोग्लोबिन १०.९ आलं होतं. त्या रिपोर्टची झेरॉक्स माझ्याच फायलीत होती, मदतीच्या अर्जासाठी काढलेली. तो कागद मी हातात धरला होता आणि तो फक्त तिच्याबद्दल आहे असं समजून फायलीत लावला.

आकडे सगळ्यांसमोर वाचणार नाही. मेमध्ये मी यादी घेऊन मैदानावरच वाचली होती, सर्वांना गांभीर्य कळावं म्हणून. १२ नंबर त्यानंतर चार दिवस आली नाही. मॅडमनी कान उपटले ते योग्यच होतं. आता प्रत्येकीचा कागद तिच्याच हातात जातो.

आणि पालकांना मेमध्येच बोलावेन. डबे, चहा, उपास, दवाखाना, यातलं काहीही मैदानावर ठरत नाही. आम्ही घरी निरोप पोचवला तो जुलैत, आणि मधले पाच-सहा आठवडे गोळ्या दप्तरातच राहिल्या.

बाहेरच्या दोन खेळाडूंबद्दल माझं मत अजून तेच आहे. प्राचार्यांचं वेगळं आहे, आणि सप्टेंबरनंतर आम्ही त्यावर पुन्हा बोलणार आहोत.

येता मोसम

माझी अपेक्षा झोनमधून बाहेर पडण्याची आहे. इंटरझोनलला गेलो तर एक सामना जिंकावा. याहून मोठं काही मी मुलींना सांगितलेलं नाही, कारण रिंगखाली लागणारी उंची आमच्याकडे नाही आणि पॉइंट गार्डला, म्हणजे बॉल पुढे नेऊन खेळ चालवायच्या जागेवर, खेळणारी ५ नंबर पहिल्या वर्षाची आहे. त्या शेवटच्या दहा मिनिटांची भीती तेवढी गेली पाहिजे.

परवा झोनलचा ड्रॉ आला. राज्य खेळलेली ती मुलगी ज्या कॉलेजात गेली, तेच पहिल्या सामन्यात. ७ नंबरने ड्रॉचा कागद सूचनाफलकावर लावला आणि खाली पेनने दहा नंबर लिहिले, प्रत्येकीपुढे चार क्वार्टरचे चार रिकामे चौकोन. अकराव्या ओळीत स्वतःचा नंबर घातला, त्यापुढे चौकोन काढले नाहीत. तिथे डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यातली चाचणीची तारीख आहे.